पावसाळ्यातला चेतक: १:७२ हेलिकॉप्टर रंगवताना

डोंबिवलीहून एका तरुण मित्राने विचारलं आहे: "दोन लढाऊ विमानं बनवून झाली. आता १:७२ मधलं अल्युएट-३ या फ्रेंच हेलिकॉप्टरचं जुनं किट मिळालंय. नौदलाचा चेतक करायचाय, कुलाब्याच्या तळावर असतो तसा. पण जुलैत एअरब्रशने रंग मारला आणि सगळं अंग पांढुरकं, दुधाळ झालं. काच आतून धुरकट झाली. मॉडेल शेपटीवर बसतं. रोटरची पाती किती वाकवायची तेही कळत नाही. कुठे चुकलं? सगळं काढून टाकून पुन्हा सुरुवात करू का?"

काढू नका. तुमच्या मॉडेलमध्ये हाताबाहेर गेलेलं काहीही नाही. दुधाळपणा जातो, काच साफ होते, वजनही नंतर घालता येतं. पण हे सगळं एकदम का झालं ते आधी समजून घ्या. तुम्ही हेलिकॉप्टर विमानासारखं बांधलंत. विमानात कॉकपिट म्हणजे अंगाला पाडलेलं एक लहानसं भोक असतं. अंग जोडायचं, पंख लावायचे, रंग मारायचा आणि शेवटी वरून काच बसवायची. चेतकचा पुढचा अर्धा भाग म्हणजेच काच. ती शेवटी बसवता येत नाही, कारण ती नसेल तर अंगच पुरं होत नाही. आणि विमानात जिथे पंख संपतात तिथे हेलिकॉप्टरचं खरं काम सुरू होतं, ते रोटर हेडवर, म्हणजे पाती जिथे एकत्र जोडलेली असतात त्या मधल्या भागावर. मी गेली तीसेक वर्षं मॉडेलं बनवतोय, आधी गिरगावातल्या दोन खोल्यांत आणि आता बोरिवलीत. छोट्या हेलिकॉप्टरवर माझा अर्धा वेळ केबिन आणि काच यांवर जातो, उरलेल्यातला मोठा भाग रोटरवर. अंग रंगवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग, आणि नवीन माणूस नेमका त्यालाच सगळ्यात जास्त वेळ देतो.

आकाराचा अंदाज घ्या. अल्युएट-३ पहिल्यांदा उडालं २८ फेब्रुवारी १९५९ रोजी. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते परवान्यावर बनवलं आणि आपल्याकडे त्याचा चेतक झाला. अंगाची लांबी १०.०३ मीटर, रोटरचा व्यास ११.०२ मीटर. ७२ ने भागलं की अंग १३९ मिलिमीटर आणि रोटर १५३ मिलिमीटर येतो. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या यंत्रावरचे ७२ मिलिमीटर, जवळजवळ चार बोटं. हा हिशेब सतत डोक्यात ठेवा, पुढे पावलोपावली लागणार आहे.

आता दुधाळपणा. तुम्ही लॅकर रंग वापरला असणार. लॅकरमधला पातळ करणारा द्रव फार भराभर उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो, अंगावर स्पिरिट लावल्यावर गार लागतं तसाच. मुंबईत जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज असते. त्या हवेतलं पाणी थंड झालेल्या रंगावर दवासारखं उतरतं आणि रंगाच्या थरात अडकतं. ते पांढरं दिसतं. रंग फुकट गेलेला नसतो. लेव्हलिंग थिनर, म्हणजे रिटार्डर मिसळलेला सावकाश उडणारा थिनर घ्या, आणि कोरड्या दिवशी त्याचा अगदी हलका, जेमतेम ओलसर दिसेल इतका फवारा त्या पांढऱ्या भागावर मारा. वरचा थर किंचित सैल होतो, अडकलेलं पाणी निघून जातं, रंग पुन्हा जागेवर येतो. एकदम भरपूर मारू नका, ओघळ येतील. दोन-तीन वेळा, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबून.

कोरडा दिवस आणायचा कुठून? ऑक्टोबरपर्यंत थांबायची तयारी असेल तर उत्तमच. नसेल तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे वेळ. पहाटे आणि रात्री आर्द्रता सगळ्यात जास्त असते, दुपारी ती उतरते. कामावरून आल्यावर रात्री अकराला फवारायला बसणं हे पावसाळ्यात सगळ्यात वाईट. दुसरी गोष्ट कंप्रेसरची. घरात एसी असेल तर लोक एअरब्रश घेऊन एसीच्या खोलीत बसतात आणि आवाज नको म्हणून कंप्रेसर गॅलरीत ठेवतात. मग तो गॅलरीतली ओली हवा ओढून तीच नळीतून आत पाठवतो. कंप्रेसरही त्याच खोलीत ठेवा. दाबलेली हवा आधी तापते, नळीतून जाताना थंड होते आणि पाणी सोडते. म्हणून ओलावा पकडणारा ट्रॅप कंप्रेसरला चिकटून लावण्यापेक्षा एअरब्रशच्या जवळ असलेला बरा, कारण तिथे पोचेपर्यंत हवा थंड झालेली असते. टाकी असेल तर दर वेळी काम संपल्यावर खालचा नळ उघडून पाणी काढा. जुलैत किती पाणी निघतं ते एकदा डोळ्यांनी बघा.

पाण्यातले अ‍ॅक्रिलिक असे दुधाळ होत नाहीत, पण सुकायला फार वेळ लावतात आणि अर्धवट सुकलेल्या रंगावर टेप लावली की टेपबरोबर निघून येतात. पाण्यातला प्रायमर तर पावसाळ्यात मी पुरे दोन दिवस ठेवतो, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, तळाशी सिलिका जेलची पुडी घालून. टामियाचे अ‍ॅक्रिलिक या दोन्हींच्या मधले. ते केमिस्टकडच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनेही पातळ होतात. नवीन माणसाला मी हेच सुचवतो. एक भाग रंग, एक ते दीड भाग थिनर, दाब १५ पीएसआयच्या आसपास, नोझल ०.३ चं.

मास्कबद्दल थोडक्यात पण कडक सांगतो. एन-९५ धूळ आणि रंगाचे कण अडवतो, लॅकरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्बनच्या डब्या असलेला ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क लागतो. आपल्या घरांत फवारणीची जागा म्हणजे बहुतेकदा स्वयंपाकघराची खिडकी, कारण तिथेच एक्झॉस्ट फॅन असतो. लॅकर फवारताना शेजारी गॅस पेटलेला नको, देवाजवळची समईही नको. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर लॅकरचा विचारच सोडा.

आता केबिन. चेतकमध्ये पुढे तीन आणि मागे चार अशा सात जागा. समोरची काच इतकी मोठी की मॉडेल हातात घेणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. आणि १:७२ मध्ये काचेआडचं सगळं आपोआप अंधारतं. म्हणून आतला रंग फोटोत दिसतो त्याहून एक-दोन छटा उजळ घ्या. सीटच्या कडांवर आणखी उजळ रंग कोरड्या ब्रशने फिरवा. किटमधल्या सीटवर पट्टे नसतात. परदेशी कोरीव पितळी पट्टे मागवता येतात, पण मी ते बहुतेक मास्किंग टेपच्या अर्ध्या मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यांचे करतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्यात ३६, पट्ट्याला पुरेसं जवळ. बक्कल म्हणून गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या पन्नीचा कण. सायक्लिकची, म्हणजे पायलटच्या गुडघ्यांमधली दिशा देणारी दांडी किटमध्ये काडेपेटीच्या काडीसारखी जाड येते. ती कापून टाका आणि लॅमिंग्टन रोडवर मिळते त्या इनॅमलच्या तांब्याच्या तारेची करा, ०.३ मिलिमीटरची. कलेक्टिव्हची, म्हणजे यंत्र वर-खाली नेणारी दांडी सीटच्या डाव्या बाजूला, खालून तिरकी वर येते. ती बहुतेकजण विसरतात, आणि ती असली की केबिन खरी वाटायला लागते. डायलच्या काचांवर एकेक ठिपका ग्लॉस वार्निशचा, टूथपिकच्या टोकाने. तेवढं पुरे. जमिनीच्या मागच्या कोपऱ्यात नट-बोल्ट कोरत बसलात तर ते तुमच्याखेरीज कुणालाही दिसणार नाहीत.

शेपटीवर बसण्याचं म्हणाल तर चेतकला तीन चाकं, त्यातलं एक पुढे. विमानाच्या नाकात वजन लपवता येतं, इथे नाक काचेचं. मग वजन जातं केबिनच्या जमिनीखाली आणि सीटच्या पोकळीत, मुख्य चाकांच्या जितकं पुढे जमेल तितकं. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गळाचं शिसं मिळतं, ते हातोडीने चपटं करा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. आणि माझं एक ऐका, कारण हे मी सोसलेलं आहे: शिसं पांढऱ्या गोंदाने कधीही चिकटवू नका. वीसेक वर्षांपूर्वी मी एका कामोव्ह या रशियन हेलिकॉप्टरच्या मॉडेलच्या पोटात शिशाचे छर्रे पांढरा गोंद ओतून बसवले होते. मॉडेल सुंदर झालं होतं. तीन पावसाळ्यांनंतर कपाटातून काढलं तर पोटाचा सांधा उकललेला, आतून पांढरी भुकटी बाहेर आलेली. गोंदातून निघणारं आम्ल आणि दमट हवा शिशाला खातात, त्याचं कार्बोनेट होतं, ते फुगतं आणि प्लास्टिक फोडतं. मुंबईच्या हवेत तर हे हमखास. शिसं दोन भागांच्या इपॉक्सीने बसवा, पूर्ण बुडेल असं. तुमचं अंग आधीच जोडलेलं आहे, तर पोटातून चार मिलिमीटरचं भोक पाडा, जमिनीखाली इपॉक्सीत भिजवलेले शिशाचे तुकडे एकेक सारा, आणि भोक प्लास्टिकच्या गोल चकतीने बंद करून पुट्टी लावा. मात्र किती वजन लागेल ते रोटर आणि शेपटीचं पातं टेपने तात्पुरतं लावून मोजा. बरेचजण नुसतं अंग तोलून वजन ठरवतात, आणि रोटर बसला की मॉडेल पुन्हा मागे कलंडतं.

काच धुरकट झाली ती झटपट चिकटणाऱ्या गोंदामुळे. सायनोअ‍ॅक्रिलेटची वाफ बंद केबिनमध्ये कोंडली जाते आणि हवेतल्या ओलाव्याच्या जोडीने काचेवर पांढरा पापुद्रा म्हणून बसते. गुन्ह्याच्या तपासात वस्तूंवरचे बोटांचे ठसे उमटवायला हीच वाफ वापरतात. तुमच्या काचेवर बोटाची रेघ न् रेघ दिसत असेल तर कारण तेच. उपाय असा: काच सुटी करता आली तर करा. २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून आतून हलक्या हाताने फिरवा, मग सुती कापडावर पॉलिशिंग पेस्ट, मग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा आणि पाण्यातल्या ग्लॉस वार्निशमध्ये बुडवून काढा. खालच्या कडेला थेंब जमतो, तो टिश्यू पेपरच्या कोपऱ्याने टिपा. एका दिवसासाठी वर पातेलं पालथं घाला, नाहीतर मुंबईची धूळ त्यावर येऊन बसेल. वार्निश ओरखडे भरून काढतं आणि पुढे चुकून गोंदाची वाफ लागलीच तरी ती काचेऐवजी वार्निशवर बसते. काच जोडायला पांढरा गोंद चालतो, शिशाला मारक असला तरी काचेला तो मित्र. वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या कापसाने निघतो.

जुन्या किटची काच जाड असते. ती जर एक मिलिमीटर जाड असेल तर खऱ्या हिशेबाने ७२ मिलिमीटरची झाली, बँकेच्या तिजोरीला शोभेल अशी. तुम्हाला पुढच्या मॉडेलमध्ये हौस असेल तर काचेच्या आत इपॉक्सी पुट्टी भरून ठोकळा करा, तो पाण्याच्या बाटलीच्या सपाट भागात घाला आणि हॉट एअर गनने बाटली तापवा. प्लास्टिक आकसून ठोकळ्यावर ताणून बसतं. मग कापून घ्या. पहिले तीन-चार प्रयत्न जातात. या मॉडेलला मात्र किटचीच काच राहू द्या.

काचेच्या चौकटी हे मुख्य कौशल्य. टेप लावून, नव्या ब्लेडने कापून, आधी आतल्या रंगाचा थर आणि त्यावर बाहेरच्या रंगाचा थर फवारायचा, म्हणजे आतून बघितलं तर चौकट आतल्या रंगाचीच दिसते. ब्लेड नवं हवं, अर्ध्या काचेनंतर बदला. जुनं ब्लेड टेप कापत नाही, ओढतं, आणि जोर लावला की काचेवर कायमचा ओरखडा उठतो. पण चेतकच्या नाकाची काच सगळीकडून गोल, त्यामुळे टेप वळणावर उचलली जाते. तिथे मी वेगळं करतो. कोऱ्या पारदर्शक डीकॅलच्या (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या पातळ चिकटचित्राच्या) तुकड्यावर अंगाचा रंग फवारतो, वाळला की पोलादी पट्टी धरून अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या कापतो आणि डीकॅलसारख्या पाण्यात भिजवून चौकटीवर बसवतो. वळणावर त्या निमूटपणे वळतात, चुकली तर ओल्या ब्रशने सरकवता येते. ही युक्ती कळल्यापासून काचेची भीती गेली.

रोटर. इथे तुम्हाला सगळ्यात जास्त सांगायचंय.

आधी दिशा. फ्रेंच हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. म्हणजे चेतकच्या डाव्या बाजूचं पातं नाकाकडे जात असतं. मिलची रशियन हेलिकॉप्टरं, आपली एमआय-१७ वगैरे, तीही तशीच. नौदलाचं सी किंग हेलिकॉप्टर उलट, त्याचं उजव्या बाजूचं पातं पुढे जातं. पात्याची पुढची कड गोल आणि जाड, मागची पातळ. म्हणजे चेतकवर डावीकडे रोखलेल्या पात्याची गोल कड नाकाकडे हवी. ही एकच गोष्ट चुकलेली मी स्पर्धांत दरवर्षी बघतो, आणि बाकी कितीही सुंदर काम असलं तरी जाणकार माणसाची नजर तिथेच अडते. किटमध्ये मागची कड जाड असते. ६०० च्या पेपरने खालच्या बाजूने घासून ती पातळ करा, अगदी उजेड आरपार दिसायला लागेपर्यंत नको, पण त्याच्या जवळ.

मग वाक. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, उडताना ती वर उचललेली असतात. किती झुकतात हे डोळ्याने ठरवू नका. ज्या चेतकचा फोटो तुम्ही घेतला आहे, बाजूने काढलेला आणि रोटर थांबलेला, तो अशा मापात छापा की अंगाची लांबी १३९ मिलिमीटर भरेल. पातं त्या कागदावर ठेवा आणि जुळवा. टोक ३० सेंटिमीटर खाली आलेलं असेल तर मॉडेलवर ते चार मिलिमीटर होतात. पातं सगळ्या लांबीवर सारखं खाली आलेलं नसतं, मुळाशी कमी आणि टोकाकडे हळूहळू जास्त. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या जवळ मऊ पडतं. पाणी उकळून गॅस बंद करा, एक मिनिट थांबा, पातं चिमट्याने धरून काही सेकंद बुडवा, बाहेर काढून मोठ्या बरणीच्या गोलाईवर बोटाने धरा आणि गार पाण्यात घाला. थोडं थोडं, तीन-चार वेळा. उकळत्या पाण्यात सोडून दिलंत तर पातं पिळवटेल. तिन्ही पाती एकमेकांशी जुळवून बघा, फक्त कागदाशी नाही. रंग याच्यानंतर. रंगवलेलं पातं वाकवलं तर रंग तडकतो.

रोटर हेडवर तीन पात्यांना तीन पिच लिंक असतात, खालच्या स्वॉशप्लेटपासून (पायलटच्या दांड्यांनी कलणाऱ्या चकतीपासून) प्रत्येक पात्याच्या मुळाशी जाणाऱ्या बारीक दांड्या. याच पात्याचा कोन बदलतात, आणि हेलिकॉप्टर पुढे, मागे, वर जातं ते यांच्यामुळे. किटमध्ये त्या हेडला चिकटलेल्या गुठळ्यांसारख्या असतात किंवा नसतातच. गुठळ्या कापा, ०.३ ची भोकं पाडा, गिटारच्या सगळ्यात बारीक तारेचे तीन तुकडे बसवा. तांब्याची तार इथे नको, ती बोट लागलं की वाकते. हे तीन तुकडे लावायला मला एक पूर्ण रविवार लागतो, आणि तो सत्कारणी लागतो. त्यांच्यामुळे रोटर अंगावर ठेवल्यासारखा न दिसता यंत्राला जोडलेला दिसतो.

चेतकचं आर्टूस्ट इंजिन केबिनच्या मागे वर उघडंच असतं. ही छोट्या मॉडेलवाल्याला मिळालेली देणगी समजा. पाइप, क्लॅम्प, वायरी सगळं दिसतं. तांब्याच्या तारांचे चार-पाच पाइप फोटो बघून लावा, मग सगळ्याला गडद करडा रंग, त्यावर कोरड्या ब्रशने स्टीलचा रंग, आणि शेवटी ऑइल कलरचा वॉश. वॉशसाठी कॅम्लिनच्या ऑइल ट्यूब उत्तम चालतात, बर्न्ट अंबर आणि लॅम्प ब्लॅक. दादरला चित्रकलेच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतात. मिनरल टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून सांध्यांमध्ये सोडा. खाली ग्लॉसचा थर असू द्या, म्हणजे जास्तीचा वॉश पुसता येतो. रोटर हेडवर ग्रीस असतं, तिथे तपकिरी-काळा ओलसर चमकता रंग ठेवा आणि त्यावर मॅट मारू नका.

आता अंगाचा रंग, ज्याबद्दल सगळे आधी विचारतात. नौदलाच्या चेतकचा "नेमका कोड कुठला" असं विचारू नका. वर्षानुवर्षांत रंगसंगती बदलत गेली आहे, दुरुस्तीनंतर छटा बदलतात, उन्हाने उडतात. एक यंत्र निवडा, त्याचा नंबर ठरवा, वर्ष ठरवा आणि त्याच वर्षाचे फोटो जमवा. कुलाब्याच्या तळाला आयएनएस शिक्रा हे नाव मिळालं जानेवारी २००९ मध्ये. त्याआधीच्या फोटोंखाली कुंजली असं नाव सापडेल, तेव्हा शोधताना दोन्ही नावं वापरा. नौदलाची ३२१ स्क्वाड्रन, एंजल्स, १९६९ पासून ही हेलिकॉप्टरं उडवते आहे, म्हणजे निवडायला पन्नासहून जास्त वर्षांचा पट आहे. तळाच्या भिंतीशी जाऊन फोटो काढायचे नाहीत, हे सांगायला नकोच. नौदल स्वतः भरपूर छायाचित्रं प्रसिद्ध करतं. नौदल दिनाच्या सुमारास गेटवेसमोर जेव्हा जेव्हा कवायती झाल्या, तेव्हा लोकांनी काढलेले फोटोही आहेत. आणि गोव्याला गेलात तर वास्कोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात एक सकाळ घालवा. तिथे यंत्राभोवती फिरता येतं, आणि एका फेरीत मिळतं ते शंभर फोटोंत मिळत नाही.

रंग मिसळताना गडद छटेत दहा भागांत एक भाग पांढरा घालतो. लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो. टायर आणि पाती शुद्ध काळ्या रंगाची कधीच नको, काळपट करडी. पॅनेलच्या रेघांबाबत पुन्हा तोच हिशेब: ०.३ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्यात २१ मिलिमीटरपेक्षा रुंद फट, ज्यात बोट जाईल. तुमच्या जुन्या किटवर रेघा उठावाच्या असतील तर त्या कोरून खोल करण्याच्या फंदात पडू नका. हेलिकॉप्टरच्या पत्र्यावर रिव्हेटच्या ओळी उठूनच दिसतात. सांधा घासताना पुसल्या जातील तेवढ्याच परत उमटवा.

जुनेपणा दाखवताना नौदलाचं यंत्र आहे हे विसरू नका. चिखलाचे शिंतोडे नकोत. आणि तांबडा गंज तर अजिबात नको. मुंबईत समुद्राकडच्या खिडकीचे लोखंडी गज गंजून तांबडे होतात म्हणून हात आपोआप त्या रंगाकडे जातो, पण हेलिकॉप्टरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तो खारट हवेत खराब झाला तर पांढुरकी भुकटी येते. आणि तीही फारशी राहू देत नाहीत, समुद्रावरून आल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुतात. मग दिसतं काय? उडालेला, फिकट झालेला रंग, पाणी वाहून गेलेल्या उभ्या अस्पष्ट रेघा, माणसं चढतात-उतरतात तिथे दाराच्या उंबरठ्यावर घासलेला पत्रा, इंजिनाखाली तेलाचे ओघळ, आणि धुराड्याच्या मागे शेपटीच्या दांड्यावर काजळी. काजळीसाठी चारकोलची कांडी पेपरवर घासून भुकटी करा आणि मऊ ब्रशने मागच्या दिशेने फिरवा. धूर कसा पसरतो ते बघायचं असेल तर जुहूच्या धावपट्टीवरून उडणारी हेलिकॉप्टरं बघा. यंत्रं वेगळी आहेत, पण समुद्रावर रोज जाऊन आलेल्या हेलिकॉप्टरच्या शेपटीवर काजळी कशी बसते हे तिथे दिसतं.

डीकॅल पटकन सांगतो. चक्राचा क्रम बाहेरून केशरी, पांढरा, मध्ये हिरवा. घरच्या प्रिंटरवर पांढरा छापला जात नाही, म्हणून आधी अंगावर पांढरा गोल रंगवा आणि त्यावर पारदर्शक डीकॅल बसवा, नाहीतर करड्या अंगावर केशरी मातकट दिसतो. खाली ग्लॉस, वरून मऊ करणारा द्रव, मग ग्लॉस, मग मॅट. मॅट मारताना काच टेपने झाका आणि पावसाच्या दिवशी मारू नका. मॅट वार्निश ओल्या हवेत पांढरं पडतं, आणि तो पांढरेपणा रंगाच्या दुधाळपणाइतक्या सहज जात नाही.

तर आता तुम्ही काय करा? जुलै सरायचा आहे. एअरब्रश बाजूला ठेवा. काच सोडवून घ्या आणि पॉलिश करायला घ्या. काच निघालीच आहे तर केबिन ब्रशने रंगवा, पट्टे, दांड्या बसवा. रोटरची पाती घासा, वाकवा, पिच लिंक लावा. पोटातून शिसं भरा. हे सगळं पावसात खुशाल होतं. काच पुन्हा बसवणं आणि चौकटींच्या डीकॅलपट्ट्या गणपतीनंतर. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की पहिल्या रविवारी दुपारी त्या दुधाळ अंगावर लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारा, एक आठवडा राहू द्या, मग पुढचे थर. रोटर अंगाला चिकटवू नका. मास्टच्या, म्हणजे रोटरच्या उभ्या दांड्याच्या, भोकात घट्ट बसणारी सुई ठेवा, म्हणजे प्रदर्शनाला न्यायचं झालं तर १५३ मिलिमीटरचा रोटर वेगळ्या डबीत जाईल आणि डोंबिवलीच्या लोकलमध्ये पिच लिंक शाबूत राहतील.